दहांसाठीं विनवणी

शास्त्रपाठ : उत्पत्ति १८ : २२–३३, मत्तय १८ : १०–१४



मम्रे येथील झाडांच्या सावलींत अब्राहामानें ज्या पाहुण्यांचा आदरसत्कार केला, ते उठून सदोमाच्या वाटेला लागले. आणि त्यांना पोंचवावयास गेलेला तो वृद्ध पुरुष परमेश्वरासमोर तसाच उभा राहिला. त्या नगरावर काय येणार आहे हें त्याला कळलें होतें. तेव्हां तो जवळ गेला आणि बोलूं लागला. नगरांत पन्नास नीतिमान असले तर त्यांच्याकरितां तें राखिलें जाईल काय, असें त्यानें विचारलें. होकार मिळाला. मग त्यानें पंचेचाळीस म्हटलें. मग चाळीस, मग तीस, मग वीस. दर वेळीं आंकडा खालीं आला आणि दर वेळीं उत्तर दयेचेंच आलें. शेवटीं भीत भीत त्यानें दहांचें नांव घेतलें, आणि परमेश्वरानें दहांसाठींहि होय म्हटलें.

हा पाठ आपण पुष्कळदां ऐकिला आहे. बहुधा त्यावरून प्रार्थनेंत चिकाटी असावी असा बोध करितात, आणि तो योग्यच आहे. परंतु आज आपण त्यांतील आंकड्यांकडे लक्ष देऊं. अब्राहामाच्या तोंडीं आंकडा जसजसा लहान होत गेला तसतशी त्याची विनवणी अधिक कळकळीची झाली. थोडे आहेत, म्हणून राखावें, हा त्याचा मुद्दा होता. आमच्या काळीं मात्र याच्या उलट दिसून येतें. थोडे आहेत, म्हणून मोडावें, असें आम्ही सहज बोलून जातों.

वाडीवरच्या लहान प्राथमिक शाळेची गोष्ट मी बोलत आहें. डिसेंबर २०१७ मध्यें आपल्या महाराष्ट्रांत ज्यांचा पट दहांहून कमी अशा सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलें दुसऱ्या शाळांत घालण्याचें ठरल्याचें जाहीर झालें. सप्टेंबर २०२२ मध्यें विसांपर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागविण्यांत आली; अशा शाळा सुमारे १४,७०० आणि त्यांतील मुलें सुमारे १,८५,००० भरलीं. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें, अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' कराव्या म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागविण्यांत आले, आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ व पुणें जिल्ह्यांतील पानशेत येथील शाळा नमुन्यादाखल पुढें ठेवण्यांत आल्या. वरील आंकड्यांचा भागाकार करून पाहा. एका शाळेस सरासरी बारा-तेरा मुलें येतात. अब्राहाम जेथें थांबला त्या आंकड्याहून हीं दोन-तीन अधिकच आहेत!

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सरकारी अधिकारी कांहीं नगर जाळावयास निघालेले नाहींत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असेंहि नाहीं. जेथें सात मुलें चार इयत्तांत वांटलेलीं असतात, तेथें एखाद्या इयत्तेंत एकच मूल बसतें. त्याला बरोबर वाचावयास सोबती नाहीं, खेळावयास गडी नाहीं. शिक्षक एकच असले तर ते एका इयत्तेला पाढे सांगत असतां बाकीचीं मुलें भिंतीकडे पाहात बसतात. आणि ज्या दिवशीं त्यांना तालुक्याला कागद पोंचवावयास जावें लागतें, त्या दिवशीं शाळेला कुलूपच लागतें. मोठ्या शाळेंत पुस्तकें असतात, मैदान असतें, प्रत्येक इयत्तेला निराळा शिक्षक मिळण्याचा संभव असतो. हें सर्व खरें आहे. म्हणून लहान शाळा केवळ लहान आहे एवढ्यानेंच ती पवित्र झाली, असें आम्हीं म्हणूं नये. अब्राहामानेंहि सदोम चांगलें आहे असें म्हटलें नाहीं. त्याचा प्रश्न निराळा होता. तेथें जे थोडे आहेत त्यांचें काय होणार? न्याय करणारानें त्या थोड्यांना हिशेबांत धरावयाचें कीं नाहीं?

तोच प्रश्न आपण विचारावा. आणि तो कसा विचारावा हें अब्राहामापासून शिकावें.

पहिली गोष्ट ही कीं, अब्राहाम जवळ गेला. दूर उभें राहून त्यानें हळहळ केली नाहीं. आम्हीं जवळ जावयाचें म्हणजे काय करावयाचें? तर मुलाच्या पावलांनीं ती वाट चालून पाहावयाची. कागदावर नव्या शाळेचें अंतर किलोमीटरांत लिहिलेलें असतें. मध्यें ओढा आहे आणि आषाढ-श्रावणांत त्याला पूर येतो, हें त्यांत लिहिलेलें नसतें. उसाच्या फडांतून जाणाऱ्या पायवाटेनें आईबाप नऊ वर्षांच्या मुलीला एकटी धाडीत नाहींत, हेंहि लिहिलेलें नसतें. आई पहाटे मजुरीला गेली म्हणजे धाकटें भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर येतें. शाळा हांकेच्या अंतरावर असली तर ती मुलगी त्याला अंगणवाडींत बसवून वर्गांत जाऊं शकते. शाळा दूर गेली कीं घरीं राहणारी पहिली तीच. आणि दुपारीं शाळेंत मिळणारा गरम भाताचा घांस, जो कित्येकांचा दिवसांतला पहिला घांस असतो, तोहि त्या वाटेच्या पलीकडे जातो.

कायदा करणारांनाहि हें ठाऊक होतें. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. पहिली ते पांचवी या इयत्तांची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असें त्याखालील नियमांत सांगितलें आहे. सहा वर्षांचें लेंकरूं दप्तर पाठीवर घेऊन किती चालूं शकतें, याचा विचार कोणीतरी केला म्हणून तो एक किलोमीटर ठरला.

आणि वाट दूर झाली म्हणजे काय होतें याचे दाखले आपल्याच प्रांतांत आहेत. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यांतील एका गांवच्या मुली कोयना धरणाच्या पाण्यांतून स्वतः होडी वल्हवून शाळेला जात होत्या. जानेवारी २०२२ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें आपण होऊन या गोष्टीची दखल घेतली. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील दरेवाडीचीं मुलें, आपली शाळा बंद होत आहे असें पाहून, आईबापांसह नाशिकास जिल्हा परिषदेच्या दारीं गेलीं. जातांना त्यांनीं शेळ्या बरोबर नेल्या. हीं दप्तरें परत घ्या आणि आम्हांला राखावयास शेळ्या द्या, असें त्यांचें म्हणणें होतें. बंधूंनो, त्या लेंकरांना आपलें भविष्य किती स्पष्ट दिसत होतें! शाळा गेली तर हातांत काय येईल हें त्यांनीं मोठ्या माणसांना दाखवून दिलें. जवळ जाणें म्हणतात तें हेंच.

दुसरी गोष्ट. अब्राहाम ज्यांच्यासाठीं बोलला ते त्याच्या घरचे नव्हते. सदोमांत त्याचा पुतण्या लोट राहात होता हें खरें. परंतु सबंध विनवणींत लोटाचें नांव एकदांहि येत नाहीं. स्वतः अब्राहामाचे तंबू डोंगरावर सुरक्षित होते. तो गप्प बसला असता तर त्याचें एक मेंढरूंहि कमी झालें नसतें.

ही गोष्ट आमच्या मंडळ्यांना विशेष लागू पडते. वाडीच्या शाळेचा पट कां उतरला? कित्येक ठिकाणीं लोक पोटासाठीं शहरांत गेले; कित्येक ठिकाणीं घरोघर मुलेंच कमी झालीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं तिसरें कारण आहे. ज्यांच्या हातीं चार पैसे आले त्यांनीं आपलीं मुलें सकाळच्या गाडींत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत धाडावयास आरंभ केला. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेंहि आहेत. आपल्या मुलाला जेथें बरें वाटेल तेथें घालणें हें पाप नव्हे, आणि त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असा माझा हेतु नाहीं. परंतु आपलें मूल गाडींत बसलें म्हणून मागें राहिलेल्या शाळेविषयीं आपली जबाबदारी संपली, असें मात्र समजूं नये. मागें कोण राहिलें आहे? मजुराचीं मुलें, ऊसतोडीला जाणाऱ्यांचीं मुलें, विधवेचीं मुलें, आजीपाशीं टाकलेलीं मुलें. त्यांचे आईबाप ग्रामसभेंत पुढें बसत नाहींत. शाळा मिटविण्याचा ठराव आला म्हणजे जे बोलूं शकतात त्यांचीं मुलें तेथें नसतात, आणि ज्यांचीं मुलें तेथें असतात त्यांना बोलतां येत नाहीं. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें कोणती बाजू घ्यावी हें विचारण्याची गरज आहे काय?

आणि आम्हांवर तर या बाबतींत जुनें ऋण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनीं अक्षर कोठें गिरविलें? अमेरिकन मराठी मिशनाचे लोक १८१३ सालीं मुंबईस आले. १८२४ सालीं त्यांनीं तेथें मुलींची शाळा काढिली. १८३१ मध्यें ते अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेले. मिस सिंथिया फरार या बाईंनीं १८२७ पासून १८६२ सालीं मरेपर्यंत मुलींना शिकविण्यांत आयुष्य घालविलें. त्यांची नगरची शाळा पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढिली. पुढें नगरच्या भोंवतालच्या खेड्यांत महारवाड्यामांगवाड्यांतून ज्या शाळा निघाल्या, त्या कांहीं मोठ्या नव्हत्या. एक शिक्षक, तोच रविवारीं उपदेशक. मातीच्या भिंती, थोडीं मुलें, मोजक्या पाट्या. त्या शाळांना त्या काळीं कोणी पटाची अट घातली असती, तर आज हें पत्र वाचणाऱ्या कित्येकांच्या घरांत अक्षर शिरलेंच नसतें.

थोड्यांचा हिशेब न धरल्यानें काय होतें, याची एक गोष्ट इतिहासांत लिहिलेली आहे. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. त्याला दारांतूनच परतविण्यांत आलें. त्यानें सरकाराकडे दाद मागितली, तेव्हां न्याय अर्जदाराच्या बाजूनें आहे हें सरकारनें मान्य केलें. परंतु एकट्यादुकट्यासाठीं मध्यें पडलें असतां बाकीच्यांच्या शिक्षणाची हानि होईल, असें म्हणून त्यांनीं हात आंखडता घेतला. पाहा, न्याय मान्य होता. आड आला तो आंकडा! पुढें १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें जोतीरावांनीं निवेदन केलें, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सर्वांचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें मागितलें. तें हक्क म्हणून कायद्यांत येण्यास २००९ साल उजाडावें लागलें. सव्वाशें वर्षांनीं जें दार वाडीपर्यंत आलें, तें मुलें थोडीं आहेत एवढ्याच कारणानें लोटून द्यावयाचें असेल, तर आम्हीं निदान विचारावें कीं, तें थोडें कोण आहे?

तिसरी गोष्ट अशी कीं, अब्राहामानें नम्रतेनें बोलूनहि आपला मुद्दा सोडला नाहीं. आपण माती व राख आहों असें तो म्हणाला, आणि तरी पुनः विचारीत राहिला. आमच्यांत पुष्कळदां दोन टोकें दिसतात. कित्येक ओरडतात, शिव्या देतात, गुरुजींना दोष लावितात. आणि कित्येक साहेब आला कीं पुढें केलेल्या कागदावर अंगठा देऊन मोकळे होतात. दोन्ही वाटा अब्राहामाच्या नव्हेत. आपण आदरानें बोलावें, पण स्पष्ट बोलावें. शाळा एकत्र केल्यानें खरोखरच मुलांचें कल्याण होणार असेल, तर तसें दाखवून द्यावें अशी विनंती करावी. गाडी कोणती, ती वाडीपर्यंत येईल कीं हमरस्त्यापर्यंतच, पावसाळ्यांत येईल काय, तिचे पैसे कोण देणार, लहान मुलींबरोबर मोठें माणूस कोण असणार, हें लिहून घ्यावें. आधीं वाहन, मग कुलूप, असा क्रम असावा. कुलूप आज आणि वाहन पुढल्या वर्षीं, असें झालें तर त्या एका वर्षांत चार मुलें शेळ्यांमागें गेलेलीं असतील, आणि गेलेलें मूल परत वर्गांत आणणें किती कठीण हें शिक्षकांना विचारा.

आतां शेवटली गोष्ट, आणि तीच मुख्य आहे. अब्राहाम दहांपाशीं थांबला. त्यापुढें विचारण्याचा धीर त्याला झाला नाहीं. परंतु जेथें अब्राहाम थांबला तेथें आपला प्रभु थांबला नाहीं. त्यानें मेंढपाळाचा दाखला सांगितला. शंभर मेंढरें, त्यांतील नव्याण्णव सुरक्षित, चुकलें तें एक. कोणताहि व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं, शेंकडा एक तूट कांहीं मोठी नव्हे. पण तो मेंढपाळ डोंगरावर गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानांत हा दाखला प्रभूनें कोणत्या प्रसंगीं सांगितला, हें विसरूं नका. शिष्य स्वर्गाच्या राज्यांत मोठा कोण म्हणून विचारीत आले होते, आणि त्यानें एका बालकाला बोलावून त्यांच्या मध्यें उभें केलें होतें. मग, या लहानांपैकीं एकालाहि तुच्छ मानूं नका अशी ताकीद देऊन त्यानें त्या एका मेंढराची गोष्ट सांगितली. ज्याच्या राज्यांत हिशेब एकापासून सुरू होतो, त्याच्या लोकांनीं बारा-तेरा लेंकरांना थोडीं म्हणावें काय?

उपदेशक बंधूंनो, येत्या आठवड्यांत तुमच्यासाठीं हें काम आहे. आपल्या वाडीवरील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचीं नांवें घरोघर फिरून लिहून काढा. ख्रिस्ती मुलांचीं तेवढींच नव्हे, सर्वांचीं. कोण शाळेंत जातें, कोण जात नाहीं, कोण ऊसतोडीला गेलें आहे, तें समोर मांडा. पट कमी दिसतो तेथें कित्येकदां नांव न घातलेलीं मुलेंच निघतात. दुसरें, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. कायद्यानें त्या समितींत चारांतील तीन हिस्से सभासद मुलांचे आईबाप अथवा पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ज्या आया घाबरतात त्यांच्याबरोबर मंडळींतील भगिनींनीं जावें व शेजारीं बसावें. तिसरें, कोणताहि कागद मोठ्यानें वाचून दाखविल्यावांचून त्यावर सही वा अंगठा होऊं देऊं नका. चवथें, ज्यांना चांगलें वाचतां येतें त्यांनीं संध्याकाळीं तासभर मंदिराच्या ओसरीवर मुलांना घेऊन बसावें. जी शाळा आपण मागतों तिला आपण हातभार लावितों, हें लोकांना व अधिकाऱ्यांना दिसावें. आणि गुरुजी अथवा बाई एकट्याच असतील तर त्यांना परके लेखूं नका. पावसांत भिजत येणाऱ्या शिक्षकाला चहाचा पेला आणि दोन गोड शब्द द्या. पुष्कळ शाळा एवढ्यानेंहि टिकतात.

आणि इतकें करून शाळा बंद झालीच तर? अब्राहाम दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून त्याच ठिकाणीं गेला व तेथून त्यानें मैदानाकडे पाहिलें, तों धूर वर चढत होता. दहा मिळाले नव्हते. तरी त्याची विनवणी फुकट गेली नाहीं, असें शास्त्र सांगतें. परमेश्वरानें अब्राहामाची आठवण केली आणि लोटाला बाहेर काढिलें. तुमची शाळा राहिली नाहीं तरी तुमची यादी राहील. त्या यादींतील प्रत्येक नांव नव्या शाळेच्या पटावर चढलें कीं नाहीं, आणि पटावर चढलेलें मूल वर्गांत बसलें कीं नाहीं, हें पाहाणें मग तुमचें काम. एकहि गळूं देऊं नका.

हे आकाशांतील बापा, ज्या लेंकरांना मोजतांना मनुष्यें थकतात, त्यांना तूं नांवानें ओळखितोस. अधिकाऱ्यांना सुबुद्धि दे, शिक्षकांना धीर दे, आईबापांच्या तोंडीं शब्द दे. आमचीं मुलें सुखरूप आहेत म्हणून दुसऱ्यांच्या लेंकरांसाठीं आम्हीं मुके राहूं नये, असें कर. ओढ्याच्या पलीकडे वाट पाहाणाऱ्या त्या एका मुलीसाठीं आम्हांला उभें राहूं दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.